मोठीमायची झडती

अड्याळला मी तीन वर्षं राहिलो, आणि ती तिन्ही वर्षं दुपारी बारापर्यंत लोळत पडणारा माणूस म्हणून गावात प्रसिद्ध होतो. खरं तर सकाळी सातला मी मोटारसायकलला किक मारून बाहेर पडायचो. जनावरांच्या दवाखान्यातली नोकरी. कुणाची म्हैस अडली, कुणाच्या बैलाचा खूर सुजला, की त्या गावाला पळायचं. तरीही सरपंचांनी एकदा मला बाजूला घेऊन काळजीनं विचारलंच, "साहेब, तब्येत गिब्येत ठीक नाही का? दिवसभर झोपून राहता म्हनते लोकं." ही कीर्ती मला माझ्या घरमालकिणीनं मिळवून दिली होती.

घरमालकीण सत्तरीला टेकलेली, काटकुळी विधवा. नवरा विणकर होता. तो गेल्यावर हातमाग बंद पडला, पण समोरच्या खोलीतला, खड्ड्यात पाय सोडून विणायचा तो खड्डामाग तिनं मोडला नाही, विकलाही नाही. मूलबाळ नव्हतं. गल्लीतले लहानथोर सगळे तिला मोठीमाय म्हणत. मोठीमाय म्हणजे आमच्या नगरकडची थोरली चुलती. मी आल्या दिवसापासून तिला तेच म्हणू लागलो आणि ती मला डाक्टर म्हणू लागली. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस आहे, हे मी तिला चारदा सांगितलं. "बैलाले सुई टोचतेस ना? मंग झालं," असं म्हणून तिनं विषय संपवला.

पहिल्या दिवशी मी खोलीला कुलूप लावलं. येताना नागपुरातून घेतलेलं, मुठीएवढं, चकचकीत. मोठीमाय ओट्यावर तांदूळ पाखडत होती. कुलूप पाहून तिला इतकं हसू आलं, की सूप बाजूला ठेवावं लागलं.

"हे कोनासाठी लावलंस?"

"चोरासाठी."

"हाव ना, चोरासाठीच आहे हे. त्याले बरोबर समजते का घरात कोनी नाही, आरामानं ये. तू त्याले निरोपच धाडला बाप्पा." मग गंभीर होऊन तिनं मला तिचा सिद्धांत सांगितला. "चोर कुलपाले भेत नाही. चोर मानसाच्या खोकल्याले भेते. घर बोलत राहाले पाहिजे. दुसरी चाबी माह्यापाशी ठेव."

घरमालकिणीला नाही कसं म्हणायचं, म्हणून किल्ली दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतलो तर खोलीचं दार सताड उघडं. उंबऱ्याबाहेर माझी नसलेली दहा नंबरची चप्पल. घडी करून ठेवलेलं माझं बनियन दोरीवर ओलं लटकलेलं. मोठीमाय आत भिंतीला टेकून निवांत बसलेली. मी बनियनाबद्दल विचारलं तर म्हणाली, "कोरडं कापड दिसलं का चोर म्हनते, हे कालचं आहे. ओलं पाहिजे. मी दुपारपासून तीनदा भिजवलं." आणि दिवसभर ती अधूनमधून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होती, "डाक्टर, ऊठ ना रे! बारा वाजले! कितीक झोपतेस!" तिचा आवाज तिच्या देहाच्या चौपट होता. माझ्या आळसाची दवंडी अशी पहिल्याच आठवड्यात पिटली गेली, आणि पुढं मी पहाटे उठून गावभर फिरलो असतो तरी काही उपयोग नव्हता.

हे तिचं फक्त माझ्यासाठी नव्हतं. गल्लीत बारा-तेरा घरं. कुणी लग्नाला निघालं, कुणी दवाखान्यासाठी भंडाऱ्याला निघालं, की किल्ली मोठीमायकडे. त्या किल्ल्या ती मागाच्या आडव्या लाकडाला बांधून ठेवी. वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक घराला वेगळ्या रंगाचं सूत. गुरुजींचं पिवळं, किराणावाल्याचं जांभळं, समोरच्या शालूचं लाल, माझं हिरवं. घर बंद पडलं की ती मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातल्या दाराचं कुलूप काढून आत शिरे, पुढची कडी काढून दार अर्धवट लोटून ठेवी, अंगणात सडा टाकी, चूल असेल तर थोडा धूर करी, मोरीत बादलीभर पाणी धाडकन ओती. आणि चपला मांडी. टाकून दिलेल्या चपला गोळा करण्याचा तिला नाद होता, त्यांचं एक पोतंच होतं. त्या मांडायचीही तऱ्हा होती. मी एकदा मदत म्हणून तीन जोड नीट ओळीनं लावले, तर तिनं पायानं एक उलटी केली आणि एक पायरीखाली ढकलली.

"सरळ चपला लावलेल्या दिसतेत. भरल्या घरच्या चपला कधी सरळ राहतेत का?"

खरी मजा तिच्या बोलण्यात होती. ज्या घरात बसली असेल त्या घरच्या माणसांवर ती ओरडे, ती माणसं तिकडे पंगतीत जिलबी खात असताना. आणि घर ज्याचं त्याला शोभेल असंच ओरडे. किराणावाल्याच्या घरात बसली की, "अवो, उंदीर झाले ना गोदामात, आता तरी झाडा!" शालूच्या घरात बसली की तिच्या बहिऱ्या सासूला उद्देशून, "बुढे, मशीन लाव ना कानाले! शोभेले घेतली का?" गल्लीला करमणूक होती. लोक आपापली कामं सोडून ओट्यावर येऊन ऐकत. घराच्या चार भिंतींत काय चाललंय ते त्यांना घर बंद असतानाच कळायचं.

एकदा गुरुजी आणि त्यांची बायको पोरीला घेऊन दोन दिवसांसाठी पवनीला गेले. मोठीमायनं त्यांच्या घरातून ताशेरे सुरू केले. "चार दिवसांपासून एकमेकासोबत बोलून नाही राहिले! बाईचे निरोप पोरीपाशी, गुरुजीचे निरोप पोरीपाशी! पोरगी काय म्हनन? बोला ना तोंडानं!" गुरुजींच्या घरातला अबोला तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. परत आल्यावर गुरुजी लालबुंद होऊन तिच्या दारात उभे राहिले. शाळेत पोरांना दटावताना काढायचा तो आवाज त्यांनी काढला.

"मोठीमाय, तुम्हाले काही दुसरं बोलता येत नाही का?"

"येते ना गुरुजी. पर खोटं बोललं का चोराले समजते."

गुरुजी तणतणत घरी गेले. पण त्या रात्री नवरा-बायको मिळून मोठीमायला भरपूर नावं ठेवत होते म्हणे, आणि त्या निमित्तानं का होईना अबोला सुटला. मी हे तिला सांगितलं तर तिला जराही नवल वाटलं नाही.

एक नियम मात्र ती कसोशीनं पाळायची. दुसऱ्याच्या घरात पाणी प्यायचं, चूल पेटवायची, पण डब्याला हात लावायचा नाही. दुपारी भूक लागली की स्वतःच्या घरी येऊन भाकर खायची आणि पदराला हात पुसत परत जायची. मी विचारलं, चिमूटभर साखर खाल्ली तर कोण काय म्हणणार? ती म्हणाली, "साखर नाही रे. मी चपला मांडते त्या घरात. मानूस बनते. मालक नाही बनत." हे वाक्य मला त्या वेळी नीट कळलं नाही. नंतर कळलं तेव्हा फार लाज वाटली.

तिनं हे सुरू केल्यापासून त्या गल्लीत चोरी झाली नव्हती. बाजाराकडच्या आळीत भरदिवसा दोन घरं फुटली, तेव्हाही आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. लोक हसत, पण किल्ली तिच्याकडेच ठेवत.

मी आल्याच्या दुसऱ्या वर्षी मे महिन्यात शालूच्या घरचे सगळे तुमसरला लग्नाला गेले. शालू, तिचा नवरा भाऊराव, दोन मुलं आणि ती बहिरी सासू. चार दिवस मोठीमायनं त्यांचं घर बोलतं ठेवलं. चौथ्या दिवशी दुपारी ते परतले, सासू तेवढी तिकडूनच आसगावला मुलीकडे गेली. अर्ध्या तासात शालूची किंकाळी ऐकू आली. तिची एकदाणी, म्हणजे सोन्याच्या मण्यांची माळ, आलमारीत नव्हती. लग्नाच्या गर्दीत नको म्हणून तिनं ती मुद्दाम घरी ठेवली होती.

आम्ही सगळे जमलो. कडी शाबूत, कुलूप शाबूत, आलमारीतली एक घडीही विस्कटलेली नाही. कुणीतरी विचारलं, "चाबी कोनापाशी होती?"  सगळ्यांना ठाऊकच होतं. एवढी वर्षं ज्याचं आम्हाला हसू येत होतं तेच आता सगळ्यांच्या डोक्यात आलं. कुणाच्या घरात काय आहे आणि कुठं आहे, हे हिला जितकं माहीत आहे तितकं त्या घरच्यांनाही नसेल.

मोठीमाय पुढं आली. "पोलिसाले बलवा," ती म्हणाली. "माह्या घरापासून सुरू करा."

"नाही मोठीमाय, असं कसं," भाऊराव म्हणाला. चांगला माणूस. मान खाली घालून बोलत होता. "तुमच्यावर कोनी शक करून राहिलं का? तुमी आपल्याच आहा. गेलं ते गेलं. तक्रार नाही करत मी."

"मी म्हनून राहिली ना! येऊन पाहा घर!"

"कायले, मोठीमाय. राहू द्या."

सगळ्यांनी मिळून भाऊरावच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मीही केलं. त्यानं तक्रार केली असती, शिपाई आला असता, तिची चार भांडी उलथीपालथी करून निघून गेला असता, तर ती त्याच दिवशी सुटली असती. आम्ही तिला वाचवायला गेलो आणि तिची सुटायची वाटच बंद केली.

पुढचे तीन दिवस ती घरोघर फिरली. "माह्या घरी चाल. पेटी उघडून पाहा." प्रत्येक दारात तेच उत्तर, "कायले, मोठीमाय? आमचा भरोसा आहे." ती पाठमोरी झाली की कुजबुज, "चोराच्या उलट्या बोंबा." तिसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीत आली. नेहमी बसायची तिथं भिंतीला टेकून बसली नाही, दारातच उभी राहिली.

"डाक्टर, तू शिकेल मानूस. या मोहल्ल्यातला नाहीस. तू येऊन पाहा. तुह्या शब्दाले मान आहे."

"नाही हो मोठीमाय," मी म्हणालो. "माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर."

ती आल्या पावली निघून गेली.  मी खोटं बोललो होतो, आणि खोटं तिला समजायचं. विश्वास होता म्हणून मी जायचं टाळलं नव्हतं. जर ती माळ तिथं निघाली तर काय करायचं, या भीतीनं टाळलं होतं.

मग किल्ल्या जाऊ लागल्या. कुणी तोंडावर काही बोललं नाही. किराणावाला म्हणाला, त्याची किल्ली हरवली आहे, ही नेऊन दुसरी बनवून आणतो. गुरुजीणबाई म्हणाली, आता तिची आई राहायला येणार आहे. कुणाची आई आली नाही आणि कुणाची किल्ली बनून परत आली नाही. मी सांगितलं, दवाखान्याची औषधं खोलीत ठेवावी लागतात, साहेबांचा हुकूम आहे. साहेबांनी असला हुकूम जन्मात काढला नव्हता. मोठीमायनं मागाजवळ जाऊन हिरव्या सुताची गाठ सोडली. किल्ली माझ्या हातात दिली आणि सूत स्वतःकडे ठेवलं.

"चाबी तुही आहे. सूत माहं आहे," एवढंच म्हणाली.

गल्ली एकदम गप्प झाली. लग्नसराई ऐन भरात, घरं बंद, दारांवर मोठमोठी कुलपं. किराणावाल्यानं कॅमेरा बसवला आणि येईल त्याला मोबाईलवर चित्र दाखवू लागला. त्यात महिनाभर एक मोकाट बैल आणि वाळत घातलेली डाळ एवढंच दिसलं. पूर्वी मोठीमाय म्हणायची, "कॅमेरा पाहून राहते, पर 'कोन आहेस रे' म्हनून इचारते का?" आता ती कॅमेऱ्याबद्दलही बोलत नव्हती. ओट्यावर बसायचीही बंद झाली. मी भाडं द्यायला गेलो की हात पुढं करायची, आणि मला आत ये म्हणायची नाही. पूर्वी मला तिच्या आरडाओरड्याचा वैताग यायचा. त्या दिवसांत घरी येताना मी गल्लीच्या तोंडाशी गाडी हळू करायचो, की एखादी हाक ऐकू येईल. येत नसे.

जूनमध्ये पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी धानाचं बी पेरायचे दिवस आले. शालूची सासू आसगावहून परतली. बिजाईचं धान तिच्याच हातून निघायचं अशी त्या घरची रीत. बियाण्याच्या धानाला तिकडे पेरणीशिवाय कुणी हात लावत नाही. उपास काढतील, पण बिजाईची कोठी उघडणार नाहीत. रविवार होता. मी समोर गाडी पुसत होतो. भाऊरावनं अंगणात टोपात मिठाचं पाणी केलं, म्हणजे पोचट दाणे वर तरंगतात. म्हातारी कोठीतून सुपानं धान आणून त्यात ओतत होती. चौथ्या-पाचव्या सुपाला भाऊराव हातानं धान ढवळता ढवळता थांबला. मग त्यानं पाण्यातून हात वर काढला. त्याच्या बोटांना एकदाणी अडकली होती.

"माय, हे काय?" तो ओरडला. तिला ऐकू जावं म्हणून नव्हे, त्याचा आवाजच तसा निघाला.

म्हातारी शांत होती. "एकदानी आहे. मीच ठेवली. तुमी सारे आटोत जाऊन बसले, आलमारीची चाबी तशीच दाराले लटकून होती. म्हनून मी बिजाईत टाकली. बिजाईले कोन हात लावते?"

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं काहून नाही?"

विचारलं नव्हतं. म्हातारीला घोर नको, म्हणून चोरी झाल्याचं तिला आसगावला कुणी कळवलंच नव्हतं.  मी पुसायचं फडकं हातात तसंच धरून उभा होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

दहा मिनिटांत सगळी गल्ली मोठीमायच्या दारात. किल्ल्याही आणल्या होत्या, मुठीत लपवून. शालूनं तिचे पाय धरले आणि हमसून रडू लागली. भाऊराव हात जोडून उभा. मोठीमाय उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. तिचे डोळे कोरडे होते. शालूला तिनं दंडाला धरून उठवलं.

"झालं रडून? आता आत या. झडती घ्या."

"मोठीमाय, आता कायले? भेटली ना एकदानी," भाऊराव म्हणाला.

"तुही एकदानी भेटली. माहं काय भेटलं?" ती उठली आणि दारातून बाजूला झाली. "तवा मी पाया पडली, कोनी आलं नाही. आता या. आल्याबिगर माह्या दारातून कोनी जायचं नाही."

कुणाचा पाय उचलेना. शेवटी गुरुजी चपला काढून आत गेले, मग आम्ही सगळे. तिनं कामं वाटून दिली. भाऊराव, तांदळाचा पिंप. गुरुजी, लोखंडी पेटी. किराणावाल्यानं देवाचा कोनाडा पाहायचा. शालूनं गादीची शिवण उसवायची. मला तिनं मागाच्या खड्ड्यात उतरवलं. कुणी वरवर हात फिरवला की ती खेकसे, "तसं नाही! चोराच्या घरची झडती अशी घेतेत का? पार तळापर्यंत जा!" गुरुजींनी पेटीतून दोन लुगडी काढली, राशनकार्ड काढलं, नवऱ्याचा एक सदरा काढला आणि तो न उलगडताच परत ठेवू लागले. "खिसा पाहा," ती म्हणाली. त्यांनी खिसा पाहिला. मी खड्ड्यात कोळिष्टकं काढत बसलो होतो. तिथं विणकामाचे दोन जुने धोटे होते, झुरळं होती. त्या अंधारात मला रडू आलं आणि वर निघायला मी जास्तच वेळ लावला.

अर्धा तास चाललं हे. मग तिनं सगळ्यांना ओट्यावर आणून उभं केलं.

"काय भेटलं?"

"काही नाही," भाऊराव पुटपुटला.

"मले आयकू नाही आलं. मोठ्यानं सांग. माहं नाव कसं, मोहल्लाभर फिरलं ना? तसंच हेही फिरू दे."

शालूनं पदरानं तोंड पुसलं आणि गल्लीकडे तोंड करून ती ओरडली, "मोठीमायच्या घरी काही नाही भेटलं!" मग भाऊराव ओरडला. मग गुरुजी, मग किराणावाला, मग सगळेच. सगळ्यांना तिनं तेच पुन्हा एकदम ओरडायला लावलं. समोरच्या अंगणातून ती बहिरी म्हातारीही काय झालं म्हणून बघायला आली. मोठीमाय कान देऊन ऐकत होती, बाजारात माप मोजून घ्यावं तशी.

"डाक्टर," ती म्हणाली, "तुहा आवाज नाही आला."

खरंच आला नव्हता. सगळ्यांच्या कल्लोळात मी नुसते ओठ हलवले होते. ओट्यावरून उतरून मी गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिलो आणि एकटाच ओरडलो.